आंघोळ बाहेर, बसणं आत

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

जपानची क्रूझ ठरवलेल्या वाचकांच्या पत्रांत या वेळी एकच विषय पुन्हा पुन्हा आला: जहाजावरचं जपानी स्नानगृह. सारखे प्रश्न एकत्र करून आणि लांबलेली पत्रं छाटून इथे दिली आहेत.

प्रश्न: आम्ही दोघं एप्रिलमध्ये योकोहामाहून सुटणाऱ्या जहाजावर जाणार आहोत. माहितीपत्रकात ‘जपानी बाथ’ असं लिहिलंय, वेळ राखून ठेवा असंही लिहिलंय; पण आत जाऊन करायचं काय, ते कुठेच नाही. तिथे फजिती नको. क्रमाने सांगाल का?
— सौ. वि. ग., विलेपार्ले

उत्तर: जुन्या घरातली मोरी आठवा. बंबातलं पाणी घंगाळात काढायचं, पाटावर बसायचं आणि तांब्यातांब्याने अंगावर घ्यायचं. घंगाळात कोणी उतरत नसे. जपानी स्नानगृहात ही मोरी जवळजवळ तशीच आहे; फक्त शेजारी हौदाएवढं घंगाळ आहे आणि त्यात उतरायची मुभा आहे. घासणं, साबण, केस, दाढी सगळं मोरीत. हौदात नुसतं बसायचं. ते पाणी माणसागणिक बदललं जात नाही. तुमच्या आधी कितीतरी जण त्यात बसून गेलेले असतात, नंतरही बसणार असतात. एवढं ध्यानात ठेवलंत तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

जाण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: पैसे पडतात का आणि टॉवेल तिथे मिळतो का. जहाजागणिक रीत वेगळी. डायमंड प्रिन्सेसवर २०१४ च्या नूतनीकरणात ‘इझुमी’ नावाचं स्नानगृह झालं, तिथे ठरावीक वेळेसाठी शुल्क घेतात. आसुका २ या जपानी जहाजावरचं मोठं स्नानगृह प्रवाशांच्या भाड्यातच येतं. ओसाका–बेप्पू मार्गावरच्या रात्रीच्या फेरीबोटींवरही सामायिक स्नानगृह असतं, मात्र अशा फेरीवर टॉवेल बहुधा आपला आपण न्यायचा.

सोबत एक मोठा टॉवेल, एक पंचासारखा छोटा, कंगवा, केस बांधायला रबर, बदलायचे कपडे आणि केबिनची चावी घ्या. दागिने आणि घड्याळ केबिनच्या तिजोरीत. फोनही तिथेच ठेवा, कारण कपडे काढायच्या खोलीत तो नुसता हातात दिसला तरी लोक हटकतात.

दारावर अर्धा पडदा असतो, त्याला नोरेन म्हणतात. निळा बहुतेक पुरुषांचा, लाल बायकांचा, पण रंगावर विसंबू नका, अक्षर बघा. पुरुषाच्या अक्षरात वरच्या भागात खिडकीसारखा चार खणांचा चौकोन असतो. बाईच्या अक्षरात चौकोन नाही, एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघा आणि त्यांवर एक आडवी. जमिनीवरच्या बऱ्याच सरायांमध्ये सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंची अदलाबदल करतात, त्यामुळे काल गेलो होतो तेच दार असं धरून चालू नये.

आत गेल्यावर चपला काढायच्या, कपडे टोपलीत किंवा लॉकरमध्ये. मोठा टॉवेल तिथेच ठेवायचा. छोटा टॉवेल तेवढा घेऊन पुढच्या दाराने मोरीत जायचं. जपानी तेनुगुई साधारण ३५ बाय ९० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पंचाचा धाकटा भाऊ. चालताना तो पुढे धरतात, अंग घासायलाही तोच.

मोरीत ओळीने आरसे, नळ, बुटकी स्टुलं आणि छोटी घमेली असतात. बसण्याआधी स्टुलावर पाणी ओता. मग बसूनच आंघोळ करायची. उभ्याने शॉवर घेतला की शिंतोडे शेजाऱ्याच्या तोंडावर जातात, आणि हलत्या जहाजावर साबणाच्या फरशीवर उभं राहणं हा तसाही शहाणपणा नव्हे. नळाला दोन मुठी असल्या तर एक तापमानाची, दुसरी शॉवर की घमेलं ते ठरवणारी. तापमानाच्या मुठीवर बहुधा ४० च्या खुणेशी एक बारीक कळ असते. ती दाबल्याशिवाय मूठ पुढे सरकत नाही. ती भाजू नये म्हणून आहे, नळ बिघडलेला नाही. दाबायचा नळ असेल तर काही सेकंदांनी आपोआप बंद होतो, पुन्हा दाबायचा.

समोर तीन बाटल्या असतील आणि तिन्हींवर जपानी मजकूर. डोळे मिटून बोट फिरवा. जपानी बाजारातल्या शाम्पूच्या बाटलीच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. ही खूण अंध व्यक्तींसाठी १९९१ मध्ये सुरू झाली. अंगाच्या साबणाच्या बाटलीवर एकच सरळ उंच रेघ, आणि कंडिशनरची बाटली गुळगुळीत. मोठ्या भरणीच्या डब्यांवर ही खूण नसली तर मात्र कर्मचाऱ्याला विचारायचं. कंडिशनर अंगाला फासून बसलेले पाहुणे त्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात.

साबण पूर्ण धुऊन टाका. पाठीवर आणि कानामागे फेस राहतो, तिथे हात फिरवून बघा. उठण्याआधी स्टूल आणि घमेलं धुवायचं, जागेवर उपडं ठेवायचं. लांब केस वर बांधायचे, टोक पाण्याला लागता कामा नये.

मग हौदाशी या आणि तिथलं गरम पाणी घमेल्याने पायांवर, मग मांड्यांवर, शेवटी खांद्यांवर घ्या. याला काकेयु म्हणतात. पाणी ४० ते ४२ अंश असतं. मुंबईकराला ४० म्हणजे काय वाटेल, पण गिझरखालची बादली आणि गळ्यापर्यंतचं पाणी यांत फरक आहे. बादलीचं पाणी अंगावरून निघून जातं, हे जात नाही. कठडा धरून पायरीपायरीने उतरा. छोटा टॉवेल घडी करून डोक्यावर किंवा काठावर. पाण्यात नाही. डोकं बुडवायचं नाही, पोहायचं नाही, हातपाय घासायचे नाहीत.

पहिल्या वेळी ५ मिनिटं पुरेत. बाहेर या, काठावर बसा, पुन्हा ५ मिनिटं जा. कपाळावर घाम आला की पुरे. कपड्यांच्या खोलीत परतण्याआधी मोरीतच छोट्या टॉवेलने अंग निपटून घ्या. तिथली फरशी कोरडी ठेवायची असते आणि जहाज एका बाजूला झुकलं की ओल्या फरशीवर पहिला पाय आपलाच सरकतो. नंतर एक-दोन पेले पाणी.

सगळ्यात जास्त चुकतं ते सुरुवातीलाच. ‘सकाळी केबिनमध्ये आंघोळ झालीय’ म्हणून लोक अर्धा मिनिट शॉवरखाली उभे राहतात आणि थेट हौदात जातात. कोणी ओरडत नाही, पण आजूबाजूचे दोघं-तिघं उठून जातात. पाहुण्याला कळतही नाही का गेले ते.

प्रश्न: कपड्यांशिवाय जायचं म्हणे! पोहण्याचा पोशाख घालून चालणार नाही का? आणि आठ वर्षांचा मुलगा आईबरोबर जाऊ शकतो का?
— सौ. अ. प., ठाणे

उत्तर: जहाजावर दोन प्रकारच्या जागा असू शकतात आणि गोंधळ तिथेच होतो. जिथे स्त्री-पुरुष एकत्र, बहुधा उघड्या डेकवर, तिथे पोहण्याचा पोशाख लागतोच. जिथे स्त्रिया आणि पुरुष वेगळे, तिथे पोशाख चालत नाही. दारावरची पाटी वाचा किंवा वेळ राखतानाच विचारा.

पोशाखाला नकार का, तर कापड साबण, धुण्याची पावडर आणि तरणतलावातलं क्लोरीन धरून ठेवतं, ते सगळं हौदात उतरतं. आपल्याकडे वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांवर लुगड्यासकट, पंचा नेसून उतरतात. तिथे पाणी जमिनीतून येत राहतं. जहाजावरचं पाणी तेच तेच फिरतं, तिथे ती सवय चालणार नाही.

संकोचाबद्दल एवढंच, की आत वाफ असते, चष्मे बाहेर राहिलेले असतात आणि जपानी माणूस दुसऱ्याकडे बघणं असभ्य मानतो. तरी वाटत असेल तर जहाज बंदरात असताना, लोक फिरायला उतरलेले असताना जा; त्या वेळी स्नानगृह उघडं असेल तर जवळजवळ रिकामं मिळतं. नाहीच मन झालं तर न जाणंही ठीक. जमिनीवरच्या सरायांत कुटुंबाला तासाच्या हिशोबाने खासगी हौद मिळतो, तिथे पहिला अनुभव घेतलेला बरा.

आठ वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२० मध्ये सार्वजनिक स्नानगृहांसाठीची मर्यादा १० वरून साधारण ७ वर्षांवर आणली. जहाजाचा नियम याहून कडक असू शकतो आणि लंगोट लागणाऱ्या बाळांना बहुतेक ठिकाणी हौदात घेत नाहीत.

प्रश्न: माझ्या सासूबाईंच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे, कपाळावरही. जपानमध्ये टॅटूवाल्यांना आत घेत नाहीत असं ऐकलं. त्यांचं वय ७४. मुलीच्या हातावर तेव्हा मेंदीही असेल.
— सौ. स्ने. का., गिरगाव

उत्तर: बंदी टॅटूवर आहे आणि तिचं मूळ तिथल्या गुंडांच्या टोळ्यांत आहे. अंगभर गोंदवणं ही त्यांची ओळख होती. म्हणून स्नानगृहांनी सरसकट पाट्या लावल्या. गोंदण देवाधर्माचं की फॅशनचं हे पाटीला कळत नाही. २०१३ मध्ये होक्काइडोत एका माओरी विदुषीला हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणामुळे नकार मिळाला आणि त्यावर जपानमध्येच बरीच चर्चा झाली. तेव्हापासून काही ठिकाणी सैलपणा आला आहे, सगळीकडे नाही.

जहाजावर परदेशी प्रवासी पुष्कळ, त्यामुळे नियम बरेचदा सौम्य असतो, पण गृहीत धरू नका. बुकिंग करतानाच लेखी विचारा आणि उत्तर जवळ ठेवा. सासूबाईंच्या गोंदणाचा फोटो जोडलात तर उत्तर लवकर येईल. लहान गोंदणावर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी लावायला सांगतात. ती जपानी औषध दुकानांत मिळते. पण ती गोऱ्या कातडीच्या रंगाची असते, आपल्या हातावर ती गोंदणापेक्षा जास्त उठून दिसते. गव्हाळ छटेची मुंबईतूनच नेलेली बरी. ७४ वर्षांच्या पातळ कातडीवरून पट्टी ओढून काढू नका, गरम पाण्यात कडेपासून सोडवा.

मेंदी हे गोंदण नाही आणि सुकून रंगलेली मेंदी पाण्यात उतरत नाही. फक्त लांबून टॅटूसारखी दिसते. दारातल्या बाईंना हात दाखवून ‘हेना’ म्हटलं की समजतं. आदल्या रात्री काढलेली, अजून खपल्या सुटत असलेली मेंदी मात्र हौदात नको.

याच पत्रात जोडव्यांचंही विचारलंय. जहाजावर चांदी सहसा काळी पडत नाही, पण हाकोनेसारख्या ठिकाणी गंधकाच्या खऱ्या झऱ्यात उतरलात तर पाच मिनिटांत काळी पडते. जोडवी काढूनच जा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर वर गुंडाळून केसांच्या रबराने मानेमागे बांधा. सोन्याला काही होत नाही, पण ओवलेला धागा गरम पाण्याने सैल होतो. जानव्याबद्दल कुठे नियम लिहिलेला नसतो. साबणाने नीट धुऊन निवीतासारखं गळ्यात माळ करून घेतलं तर ते पाण्यावर तरंगत नाही.

प्रश्न: मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, हिला मधुमेह. वय ६८ आणि ६४. जावं का?
— म. द. शि., मुलुंड

उत्तर: डॉक्टरांना विचारून, आणि काही अटींवर. गरम पाण्यात कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. पाण्याचा भार पायांवर असतो तोवर तो रक्त वर ढकलत असतो, म्हणून आत बसलेलं असताना बरं वाटतं. झटकन उभं राहिलं की तो आधार जातो, रक्त पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून हौदातून उठताना पडण्याचा धोका असतो. गोळी चालू असेल तर हा उतार जास्त.

उपाय सोपा. पाणी छातीच्या खालपर्यंतच येईल अशा पायरीवर बसा. जपानच्या ग्राहक व्यवहार खात्याचा ज्येष्ठांना सल्ला आहे: पाणी ४१ अंशांपर्यंत, वेळ १० मिनिटांपर्यंत. उठताना आधी काठावर बसा, मिनिटभर थांबा, मग कठडा धरून उभे राहा. जेवणानंतर लगेच नाही, दारूनंतर मुळीच नाही. जहाज लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीने झोप येत असेल तर त्या दिवशी हौद वर्ज्य. शेजारी थंड पाण्याचं कुंड असतं, सौना करून लोक त्यात उड्या मारतात. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्याने त्याकडे बघूही नये.

मधुमेहात दोन धोके. पायाच्या नसा बधिर झाल्या असतील तर पाणी किती गरम ते पायाला कळत नाही. कोपर बुडवून बघायचं. दुसरं, इन्सुलिन टोचल्यानंतर गरम पाण्यात बसलं तर ते लवकर शोषलं जातं आणि साखर खाली येते. टोचून लगेच जाऊ नका, कपड्यांच्या टोपलीत साखरेची पुडी ठेवा.

आणि तुम्ही दोघं वेगळ्या दालनांत असणार हे विसरू नका. भेटायची वेळ आणि जागा आधी ठरवा. कोणी आत बेशुद्ध पडलं तर एकट्याने ओढून काढायला जाऊ नये; भिजलेलं अंग निसटतं आणि दोघं पडतात. तोंड पाण्याच्या वर धरा, भिंतीवरची आपत्कालीन कळ दाबा, ओरडा.

गुडघ्यांसाठी: उंच स्टूल किंवा शॉवर खुर्ची मागितली तर बहुतेक जहाजांवर मिळते. मागावी लागते, ठेवलेली नसते.

प्रश्न: मित्र गेल्या वर्षी जाऊन आला. ज्या संध्याकाळी त्याने वेळ राखली होती, नेमकं त्याच दिवशी स्नानगृह बंद. कारण ‘समुद्र खवळलेला’. जहाज एवढं मोठं, हौद केवढा! खरंच एवढं लागतं का?
— नि. ता., बोरिवली

उत्तर: हिशोब करून बघा. हौद ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि पाणी ६० सेंटिमीटर धरलं तर १०.८ घनमीटर, म्हणजे जवळजवळ ११ टन. एवढ्या मोठ्या जहाजाला ११ टन म्हणजे काही नाही, त्याने जहाज उलटत नाही. प्रश्न आत बसलेल्या माणसांचा आहे.

समुद्र दिसावा म्हणून स्नानगृह वरच्या मजल्यावर बांधतात. जहाज डुलतं ते साधारण पाण्याच्या पातळीजवळच्या अक्षाभोवती. जितकं वर जाल तितका झोका मोठा. पाळण्याच्या दोरीसारखंच, फक्त उलटं. जहाज बाजूला ५ अंश कललं आणि तुम्ही अक्षापासून ३० मीटर वर असाल, तर तुम्ही आडवे सुमारे २.६ मीटर सरकता, मग परत, मग दुसऱ्या बाजूला तेवढंच. केबिन खालच्या मजल्यावर असेल तर तिथे हे जाणवतही नाही, म्हणून माणसाला वाटतं की उगाच बंद केलंय.

हौदातलं पाणी जहाजाबरोबर हलत नाही, थोडं मागून येतं. डुलण्याचा काळ आणि पाण्याच्या हेलकाव्याचा काळ जुळला तर लाट वाढतच जाते. परात हळू हळू हलवत नेली तर पाणी सांडत नाही, ठराविक लयीत हलली की एकदम कडेबाहेर. मग हौदाच्या एका टोकाला बसलेल्याच्या पोटापर्यंत पाणी आणि दुसऱ्याच्या नाकापर्यंत. काठावरच्या नाल्या तेवढं पाणी ओढू शकत नाहीत आणि ते कपड्यांच्या खोलीत शिरतं. त्याआधीच कर्मचारी हौद अर्धा उतरवतात किंवा पूर्ण रिकामा करतात. पुन्हा भरून तापवायला तास जातात, म्हणून समुद्र शांत झाला तरी दार लगेच उघडत नाही.

जहाजाच्या बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात, ते डुलणं कमी करतात, पण जहाज वेगात असतानाच. वेग कमी झाला की त्यांचा जोरही कमी.

वेळ राखताना पहिलाच दिवस निवडा. शेवटच्या संध्याकाळी राखली आणि बंद पडली तर दुसरी संधी नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळांचे महिने आणि हिवाळ्यात जपानच्या पश्चिमेचा समुद्र उसळतो. त्या काळात गेलात तर एक वेळ जाणारच असं धरा. स्नानगृह सुरू आहे आणि थोडं डुलतंय, अशा वेळी लांब हौदाच्या टोकाला बसू नका. मध्ये, भिंतीला पाठ लावून बसा आणि एक हात कठड्यावर ठेवा.

प्रश्न: जहाजावरच्या हौदात खरंच गरम झऱ्याचं पाणी असतं का? नसेल तर ते स्वच्छ कशावरून?
— श्री. दे. मो., डोंबिवली

उत्तर: बहुतेक वेळा झऱ्याचं नसतं. जपानमध्ये ‘ओन्सेन’, म्हणजे गरम झरा, हा शब्द कायद्याने बांधलेला आहे. १९४८ च्या कायद्यानुसार जमिनीतून निघताना पाणी किमान २५ अंश असावं, किंवा ठरवलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असावा. जहाजावरचं पाणी बंदरात भरलेलं असतं किंवा समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून बनवलेलं. बंदराच्या गढूळ पाण्यात ती यंत्रं चालवत नाहीत, भर समुद्रात चालवतात. झऱ्याचं नाही याचा एक फायदा: बाहेर येऊन साध्या पाण्याने अंग धुतलं तरी काही हरकत नाही. खऱ्या ओन्सेनमध्ये क्षार अंगावर राहावेत म्हणून बरेच जण धूत नाहीत.

स्वच्छतेचं तंत्र असं: पाणी हौदातून निघतं, केस अडवणारी जाळी, मग गाळणी, मग क्लोरीन, मग तापवणं आणि परत हौदात. दिवसभर हेच चक्र. ४० अंशांचं पाणी माणसाला जसं सुखाचं, तसंच न्यूमोनिया करणाऱ्या लिजनेला जिवाणूलाही. तो २० ते ४५ अंशांत वाढतो आणि वाफेच्या थेंबांबरोबर श्वासातून फुप्फुसात जातो. म्हणून क्लोरीन सोडून चालत नाही. अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांवर गरम कुंडांत लिटरला ३ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन राखावं लागतं.

स्वतः बघायच्या खुणा तीन. तळ स्वच्छ दिसतो का. पाण्याच्या रेषेजवळ भिंत बुळबुळीत लागते का. आणि वास. हलका क्लोरीनचा वास चांगला. डोळे चुरचुरवणारा उग्र वास म्हणजे क्लोरीन जास्त आहे असं लोक समजतात. बरेचदा उलट असतं. घाम, तेल, लघवी यांच्याशी क्लोरीनची क्रिया होऊन जो वायू सुटतो, त्याचा तो वास. म्हणजे लोक न धुता उतरलेत.

यावरून खोबरेल तेलाचं. दिवाळीच्या सुट्टीत जाणारे काही जण विचारतात, अभ्यंग करून हौदात बसलं तर? जरूर करा, पण केबिनमध्ये, आणि उटण्याने-साबणाने तेल पूर्ण उतरवूनच इकडे या. तेलाचा थर पाण्यावर तरंगतो, गाळणी चोंदते आणि क्लोरीन तेलावरच खर्ची पडतं.

थोडक्यात

पाळी चालू असताना सामायिक हौदात न उतरण्याची रीत आहे. केबिनचा शॉवर वापरावा. — गरोदरपणाला जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१४ मध्ये झऱ्यांच्या वर्ज्य यादीतून काढलं, पण पहिल्या तीन महिन्यांत अंग फार तापू देऊ नये आणि डॉक्टरांना विचारावं. — युकाता, म्हणजे सुती जपानी झगा, मिळाला तर डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलट नेसवतात ते मृतदेहाला. — हौदात बोललं तरी चालतं, हळू. लोकलमधला आवाज तिथे नको.

प्रश्न: परत आल्यावर घरीच असा खोल जपानी टब बसवावा असं मनात आहे. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. जमेल?
— डॉ. र. भा., दादर

उत्तर: आधी स्लॅब, मग टब. एका माणसाचा खोल टब साधारण ११० बाय ७० सेंटिमीटर जागा घेतो आणि त्यात २५० लिटर पाणी बसतं. पाणी २५० किलो, माणूस ७०, टब ५०. ३७० किलो, आणि जागा पाऊण चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे चौरस मीटरला पावणेपाचशे किलोंच्या वर. राहत्या घरातल्या न्हाणीघराची फरशी भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण २०० किलोंचा भार धरून आखतात. मुंबईत न्हाणीघराचा स्लॅब खाली घेऊन वर विटांच्या तुकड्यांचा भराव टाकलेला असतो, त्याचं वजन वेगळंच. भार भिंतीलगत घेऊन जमू शकतं, पण ते इमारतीचा आराखडा पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं. सोसायटीची लेखी परवानगीही हवी, नाहीतर खालच्या घरात पहिला ओलावा आला की भांडण तुमच्याच नावावर.

मग तापवणं. नळाचं पाणी २७ अंश धरलं तर २५० लिटर ४१ पर्यंत न्यायला चार युनिटं वीज लागते. १५ लिटरच्या २ किलोवॉट गिझरने ६० अंशांचं पाणी काढून मिसळायचं म्हटलं तर सात खेपा, दर खेपेला १७ मिनिटं, म्हणजे दोन तास. सातवी खेप येईतो पहिलीचं पाणी कोमट. जपानी घरांत टबावर झाकण असतं आणि पाणी पुन्हा तापवणारं यंत्र असतं. त्याशिवाय हा टब मुंबईत दोनदा वापरून कपडे भिजवायला जातो. गॅस गिझरने काम लवकर होतं, पण तो बंद न्हाणीघरात कधीच लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गरम पाण्यात झोप येतेच.

शेवटचा अडथळा नहाणी ट्रॅपचा, म्हणजे न्हाणीघराच्या फरशीतल्या निचऱ्याच्या जाळीचा. तो बादलीच्या पाण्यासाठी बसवलेला असतो, टबाची गुडदी काढली की २५० लिटर एकदम त्यावर येतात आणि पाणी उंबऱ्याबाहेर. टबाचा निचरा वेगळ्या पाइपने थेट शाफ्टमधल्या मुख्य नळाला जोडता येतो का, हे प्लंबरला टब घेण्याआधी विचारा. नसेल जमत तर गुडघ्याखालपर्यंतची उंच बादली, ४१ अंशांचं १२ लिटर पाणी आणि पंधरा मिनिटं. जपानी लोक याला आशियु म्हणतात, आणि याला सोसायटीची परवानगी लागत नाही.